किला गेट ते हाथी पोल: एका तुटक्या व्हिडिओची गोष्ट

समजा, तुम्ही ग्वाल्हेरला आला आहात. आणि समजा, घरातल्या मोठ्यांच्या मागे लागून लागून तुम्ही त्यांचा कॅमेरा एका दिवसासाठी मिळवला आहे. (हे जमलं असेल तर पुढचं सगळं सोपं आहे!) आता रिक्षावाल्या भैयांना सांगायचं, "किला गेट." ते तुम्हाला किल्ल्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी आणून सोडतात. किल्ल्यावर गाडीनं जायचं असेल तर पश्चिमेच्या उरवाई गेटनं जावं लागतं. किला गेटची वाट मात्र पायी जाणाऱ्यांची. चढ चांगलाच आहे, पाण्याची बाटली घ्या.

बेत असा, की खाली कॅमेरा सुरू करायचा आणि थेट वरच्या मानमंदिरापर्यंत बंदच करायचा नाही. सबंध चढाचा एकच सलग व्हिडिओ! पहिला येतो आलमगिरी दरवाजा. आत गेलं की राजा मानसिंह तोमरानं मृगनयनी राणीसाठी बांधलेला गुजरी महाल. तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. मग वळत वळत चढणारा दगडी रस्ता आणि एकामागून एक दरवाजे. शेवटी हाथी पोल, आणि त्याला लागूनच मानमंदिराची ती प्रसिद्ध भिंत. निळ्या चकचकीत फरशा आणि त्यांवर ओळीनं चाललेली पिवळी बदकं. पाचशे वर्षं होऊन गेली, तरी बदकं अजून पोचलेली नाहीत कुठेच.

घरी येऊन मोठ्या उत्साहानं तुम्ही मेमरी कार्ड लॅपटॉपला लावता. आणि बघता तर काय, एका व्हिडिओऐवजी दोन फायली! पहिली जवळजवळ चोवीस मिनिटांची, दुसरी त्याहून लहान. तुम्ही तर बटणाला हातही लावला नव्हता. मग व्हिडिओ तोडला कुणी?

कॅमेऱ्यानंच तोडला. खोडसाळपणे नाही, त्याचा नाइलाज होता. आणि गंमत अशी, की त्या नाइलाजाचं कारण समजून घ्यायला किला गेटच्या चढाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. कारण या चढाच्या कडेलाच एका अखंड खडकातून कोरलेलं एक छोटंसं देऊळ आहे, चतुर्भुज मंदिर. त्यातल्या शिलालेखात शून्य आहे!

शून्य म्हणजे खरंखुरं, गोल, कोरलेलं शून्य. हा लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. त्यात देवळाला दिलेल्या एका बागेची नोंद आहे. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि तिच्यातून देवासाठी रोज फुलांच्या ५० माळा यायच्या. २७० मध्ये एक शून्य आणि ५० मध्ये एक. भारतात दगडावर कोरलेली जी जुन्यांत जुनी शून्यं आज आपल्याला बघायला मिळतात, त्यांत या दोघांचा नंबर लागतो. आपण रोज वहीत लिहितो त्याच पद्धतीनं ती लिहिली आहेत. २७० मधलं शून्य सांगतं, "एककाच्या घरात कुणी नाही, पण घर आहे हं!" ते घर नसतं तर बाग २७ हातांची झाली असती आणि माळा करणाऱ्यांची पंचाईत.

आता ही घरं मोजायची सवय घेऊन कॅमेऱ्याच्या कार्डाकडे चला.

कार्डावर प्रत्येक फाइलचं नाव लिहिलेलं असतं आणि तिच्यात किती बाइट आहेत तो आकडाही. बाइट म्हणजे संगणकाचं साठवणीचं एक माप. हा आकडा लिहायला किती घरं द्यायची, हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर नोंदी ठेवायची जी पद्धत असते, तिचं नाव फॅट-३२. ती १९९६ साली आली. नावातच ३२ आहे, आणि फाइलचा आकार लिहायलाही तिच्यात घरं ३२ च. शिवाय संगणकाला ० ते ९ असे दहा अंक येत नाहीत, फक्त ० आणि १ येतात. मग ३२ घरांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा कोणता? सगळ्या घरांत १ लिहिला की झाला. आपल्या भाषेत तो ४,२९,४९,६७,२९५. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव!

यात आणखी एक बाइट वाढला तर तेहतिसावं घर लागेल. ते नाहीच. म्हणून कॅमेरा त्या आकड्याच्या थोडं अलीकडेच पहिली फाइल मिटतो आणि न थांबता दुसरी उघडतो. आपण ज्याला ढोबळमानानं "चार जीबीची मर्यादा" म्हणतो, ती ही. (मोठ्या कार्डांवर आता एक्सफॅट नावाची नवी पद्धत असते, तिला ही अडचण नाही. तरी कित्येक कॅमेरे जुनी सवय सोडत नाहीत. त्याचा एक फायदाही आहे, तो पुढे सांगते.)

कॅमेरा सेकंदाला तीस लाख बाइट लिहीत असेल, तर चार जीबी भरायला सुमारे २३ मिनिटं ५१ सेकंद लागतात. किला गेटपासून रमतगमत चढलं, गुजरी महालापाशी जरा रेंगाळलं, की चोवीस मिनिटांत चतुर्भुज मंदिराच्या आसपास पोचायला हरकत नाही. म्हणजे शून्याच्या दारातच घरं संपली!

असो. तोडला तर तोडला, आता जोडायचा कसा?

पुष्कळ जण काय करतात, व्हिडिओ एडिटिंगचं एखादं अ‍ॅप उघडतात, दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवतात आणि "एक्स्पोर्ट" दाबतात. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. पट्टी इंचाइंचानं सरकते. आई जेवायला हाक मारते, तुम्ही जेवून येता, पट्टी अजून सरकतेच आहे. आणि शेवटी जो व्हिडिओ मिळतो, तो पहिल्यापेक्षा किंचित धुरकट. भिंतीवरच्या बदकांच्या कडा जराशा विरघळलेल्या. नुसतं जोडायचं तर होतं, मग एवढा खटाटोप कशासाठी?

त्यासाठी व्हिडिओ आतून कसा असतो ते बघायला हवं. थोडा हिशोब करू. चांगल्या व्हिडिओतलं एक चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असतं. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एका चित्राचे ६२,२०,८०० बाइट. अशी चित्रं सेकंदाला २५. एका सेकंदाचे झाले साडेपंधरा कोटी बाइट! या वेगानं आपलं चार जीबीचं माप अर्ध्या मिनिटाच्या आतच भरलं असतं. तुम्ही अजून आलमगिरी दरवाज्यातच असता.

म्हणून कॅमेरा आवळून लिहितो. साधारण पन्नास पट आवळतो. त्याची युक्ती मोठी बेरकी आहे. तो एक चित्र पूर्ण लिहितो, त्याला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या चित्रांचं मात्र नुसतं वर्णन करतो. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि लिहितो, "मागच्या चित्रातला हा चौकोन उचला, चार ठिपके डावीकडे ठेवा. हा जागच्या जागी असू द्या. इथे एक कबूतर आलंय, तेवढं नवीन काढा." थोड्या वेळानं पुन्हा एक पूर्ण चित्र, मग पुन्हा वर्णनं. आणि जे बारकावे माणसाच्या डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत, ते सरळ गाळून टाकतो. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचं नाव एच-२६४. ती २००३ साली ठरली, आणि तुम्ही आजवर मोबाइलवर पाहिलेले किती व्हिडिओ या पद्धतीचे असतील त्याला गणतीच नाही.

या आवळण्याला म्हणायचं एन्कोड करणं. एक्स्पोर्टचं बटण दाबलं की अ‍ॅप हे सगळं उलगडतं, चाळीस-पन्नास हजार चित्रं पूर्ण करून बघतं आणि परत पहिल्यापासून आवळायला बसतं. हे झालं री-एन्कोड. दुसऱ्यांदा आवळताना पुन्हा काही बारकावे गळतात. गाळलेल्यातून गाळलेलं! व्हॉट्सअ‍ॅपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून आलेला व्हिडिओ कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आता ग्वाल्हेरातलीच एक गोष्ट घेऊ. इथून श्योपूरला एक छोटीशी आगगाडी जायची. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर! सुमारे दोनशे किलोमीटरची ही वाट शिंद्यांच्या संस्थानातली. २०२० साली ती बंद झाली, तिथे मोठे रूळ टाकायचे म्हणून. (आगगाड्यांचं वेड असलेल्या माधवराव शिंद्यांची चांदीची चिमुकली आगगाडी तर जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरूनच धावायची, पाहुण्यांपुढून. ती अजून तिथे आहे, चुकवू नका.) तर समजा, या गाडीला एक जादा डबा जोडायचाय. जोडताना आपण काय करतो? डबा मागून आणतो, कडी अडकवतो, झालं. आतली माणसं जागची हलतसुद्धा नाहीत. कुणी म्हणालं, की नको, दोन्ही डब्यांतल्या सगळ्यांना खाली उतरवा, तिसराच लांबलचक डबा आणा आणि त्यात सगळ्यांना परत दाटीवाटीनं बसवा, तर आपण त्याला वेड्यात काढू. तासभर जाईल आणि चार जणांच्या पिशव्या फलाटावर राहतील त्या वेगळ्याच. एक्स्पोर्टचं बटण हेच करत असतं.

मग कडी अडकवायची कशी? दोन फायली नुसत्या एकामागे एक चिकटवल्या तर?

करून बघा. फाइल तयार होईल, तिचा आकारही दोघींच्या बेरजेएवढा भरेल. पण चालवलीत की चोवीस मिनिटांनी व्हिडिओ संपला! हाथी पोल नाही, बदकं नाहीत. पोटात सगळं आहे, पण दिसत काही नाही. याचं कारण एमपी-४ फाइलच्या रचनेत दडलेलं आहे. कॅमेऱ्याच्या फाइलचे मुख्य भाग तीन. अगदी सुरुवातीला काही मोजके बाइट, "मी एमपी-४ आहे" असं सांगणारे. मग 'एमडॅट' नावाचा प्रचंड भाग, त्यात सगळी आवळलेली चित्रं आणि आवाज. आणि शेवटी 'मूव्ह' नावाची यादी. ही यादी म्हणजे गाडीचा चार्ट! कितवं चित्र, किती बाइटचं, फाइलच्या सुरुवातीपासून किती अंतरावर, किती वाजता दाखवायचं. चोवीस मिनिटांच्या तुकड्यात चित्रं पस्तीस हजारांवर, तेव्हा यादीही तेवढ्या नोंदींची. व्हिडिओ चालवणारा प्लेअर आधी हा चार्ट वाचतो आणि मग त्याबरहुकूम चित्रं काढतो. चिकटवलेल्या फाइलमध्ये त्याला पहिला चार्ट मिळतो. त्यावर पहिल्याच डब्यातली नावं. तेवढी झाली की त्याच्या दृष्टीनं गाडी संपली.

ही यादी शेवटी का लिहितात, हेही कळलं ना? चित्रण संपेपर्यंत किती चित्रं होणार हे कॅमेऱ्यालाच ठाऊक नसतं. त्यामुळेच चित्रण चालू असताना बॅटरी अचानक संपली तर ती फाइल उघडतच नाही. चित्रं आहेत, यादी नाही. पण तुकडे पाडत चाललेल्या कॅमेऱ्यात आधीच्या तुकड्यांच्या याद्या लिहून झालेल्या असतात, ते तुकडे वाचतात. मघाशी म्हटलं तो फायदा हा.

तेव्हा खरं जोडणं म्हणजे काय? दोन्ही एमडॅटमधली चित्रं आहेत तशी, बाइटन् बाइट उचलून एकापुढे एक ठेवायची. त्यांना उघडून बघायचंसुद्धा नाही. आणि चार्ट मात्र नवा लिहायचा. दुसऱ्या तुकड्यातलं प्रत्येक चित्र आता फाइलमध्ये पुढे सरकलंय, तेव्हा त्याचं अंतर वाढवायचं. दुसऱ्या तुकड्याचं घड्याळ शून्यापासून सुरू झालं होतं, तेव्हा प्रत्येक वेळेत २३ मिनिटं ५१ सेकंद मिळवायचे. बेरजा! सगळं काम बेरजांचं. म्हणून ते इतक्या झटक्यात होतं. पंखा घरघरत नाही, पट्टी सरपटत नाही. साध्या लॅपटॉपवर पाच-सहा जीबी जोडायला एखाददोन मिनिटं, तीही डिस्कवर एवढे बाइट उतरवून काढायला लागतात म्हणून.

एक घोळ मात्र होऊ शकतो. जोडलेली फाइल चार जीबीच्या वर गेली, मग चार्टात अंतर लिहायला ३२ घरं कशी पुरणार? नाही पुरत. म्हणून मोठ्या फायलींसाठी एमपी-४ मध्ये ६४ घरांची सोय आहे. दुप्पट घरं म्हणजे दुप्पट जागा असं वाटलं का? छे! आपल्या सेकंदाला तीस लाख बाइटच्या वेगानं ६४ घरांचा आकडा भरायला जवळजवळ दोन लाख वर्षं चित्रण करावं लागेल. एवढा चढ जगात कुठेच नाही.

हे सगळं करणारा एक प्रोग्रॅम आहे, एफएफएमपेग. फुकट आणि सगळ्यांसाठी खुला. २००० साली फ्रान्सच्या फाब्रिस बेलार्ड यांनी तो सुरू केला. हे गृहस्थ भलतेच. २००९ च्या शेवटी त्यांनी घरगुती संगणकावर पायचे २ लाख ७० हजार कोटी अंक काढून जागतिक विक्रम केला होता! एफएफएमपेग वापरताना आपण नोटपॅडमध्ये एक छोटी यादी करतो. एका ओळीत एका तुकड्याचं नाव, ज्या क्रमानं जोडायचे त्या क्रमानं. मग त्याला सांगायचं, की ही यादी घे, जोड, आणि 'कॉपी' कर. हा 'कॉपी' शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो लिहायचा राहिला, तर एफएफएमपेग निमूटपणे सगळ्यांना खाली उतरवून परत बसवायला घेतं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती वाटत असेल तर लॉसलेसकट नावाचा प्रोग्रॅम घ्या. आतून तो एफएफएमपेगच वापरतो, पण बाहेरून बटणं आहेत. त्यात फायली ओढून टाकायच्या आणि 'मर्ज' म्हणायचं.

नावांच्या क्रमाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. गोप्रो कॅमेऱ्याची खोड सांगते. त्याच्या फाइलच्या नावात आधी तुकड्याचा नंबर येतो आणि मग व्हिडिओचा. म्हणजे ४२ नंबरच्या व्हिडिओचे तुकडे जीएच०१००४२ आणि जीएच०२००४२. आणि ४३ नंबरच्या व्हिडिओचा पहिला तुकडा जीएच०१००४३. आता नावानुसार ओळ लावली तर काय होईल? ४२ चा पहिला, मग ४३ चा पहिला, आणि मग ४२ चा दुसरा! तसेच्या तसे जोडलेत तर अर्धा चढ चढून तुम्ही एकदम कुठल्या तरी हॉटेलात जेवायला बसाल आणि ताट अर्धं टाकून पुन्हा किल्ल्यावर.

आणि आपली छोटी गाडी विसरू नका. दोन फुटी रुळांवरच्या गाडीला मोठ्या रुळांवरचा डबा जोडता येईल का? मोठ्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. कडी अडकवली तरी गाडी चालायची नाही. तसंच, दोन्ही तुकडे एकाच मापाचे हवेत. चित्राचे ठिपके तेवढेच, आवळायची पद्धत तीच, आवाजाची मोजणी तीच. एकाच कॅमेऱ्यानं सलग काढलेल्या तुकड्यांत हे आपोआप जुळतं. पण अर्धा चढ कॅमेऱ्यानं आडवा काढला आणि अर्धा ताईच्या मोबाइलवर उभा, तर बिनउतरवता जोडणं विसरा. तिथे री-एन्कोडला पर्याय नाही, आणि तसं करण्यात कमीपणाही नाही.

आता सांगा, व्हिडिओ जोडणं सोपं की कापणं?

सगळे म्हणतात, कापणं. चूक! आठवा, बहुतेक चित्रं ही नुसती वर्णनं आहेत, मागच्या चित्रावर अवलंबून. मधूनच कापलंत आणि सुरुवातीला वर्णन आलं, "मागच्या चित्रातला हा चौकोन उचला," तर उचलणार कुठून? मागचं चित्रच नाही! मग पडद्यावर राखाडी ठोकळे नाचायला लागतात. म्हणून री-एन्कोड न करता कापायचं असेल तर की-फ्रेमपाशीच कापावं लागतं. जोडताना ही भानगड नाही, कारण कॅमेरा प्रत्येक नवी फाइल की-फ्रेमनंच सुरू करतो.

आवाजाचा सांधा मात्र जरा नाजूक. किला गेटपासून हजिऱ्याकडे थोडं गेलं, की मुहम्मद घौस यांचा मोठा मकबरा आहे आणि त्याच्या आवारात तानसेनाची छोटी समाधी. तिथे दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो. २०२४ साली शंभरावा झाला. समजा, तिथला तासाभराचा ख्याल तुम्ही चित्रित केला आणि ऐन तानेत फाइल तुटली. चित्र ४० मिलिसेकंदांचं असतं (सेकंदाला २५, करा भागाकार). आवाज मात्र १०२४ नमुन्यांच्या तुकड्यांत साठवतात आणि नमुने सेकंदाला ४८ हजार, म्हणजे एक तुकडा सुमारे २१ मिलिसेकंदांचा. ४० आणि २१ यांचा मेळ काही बसत नाही. त्यामुळे फाइल संपताना चित्र आणि आवाज एकाच क्षणी संपतील असं नाही. जोडल्यावर सांध्यापाशी मिलिसेकंदांची फट राहू शकते, आणि कधीकधी बारीकसा 'टक्' ऐकू येतो. चढाच्या व्हिडिओत कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण हे ख्यालगायक कृष्णराव शंकर पंडितांचं गाव. इथे लष्कर नावाच्या भागातल्या एखाद्या मराठी घरात तो व्हिडिओ लावलात, तर एखादे आजोबा डोळे मिटूनच विचारतील, "इथे काय झालं रे?"

जोडायची ही हौस काही नवी नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं, आणि रिळं चार. त्या काळी फिल्मचे दोन तुकडे जोडायचे म्हणजे एका टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, त्यावर खास सिमेंट लावायचं, दुसरं टोक बसवायचं आणि दाबून धरायचं. चित्र पुन्हा काढायचं नाही, पुन्हा छापायचंही नाही. म्हणजे बिन री-एन्कोडचंच जोडणं की! फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या. घर चालवून हे सगळं.

आणि तुम्ही स्वतः हे रोज करता, माहीत आहे? मोबाइलवर लांबलचक व्हिडिओ बघता ना, तो बहुधा अखंड येतच नाही. पलीकडच्या संगणकावर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात. तुमचा मोबाइल एकेक तुकडा मागवतो आणि तुम्ही बघत असतानाच पुढचा त्याला जोडत जातो. नेट मंदावलं की मध्येच चित्र धुरकट होतं, कारण मोबाइलनं पुढचा तुकडा हलका मागवलेला असतो. टीव्हीच्या प्रसारणात तर तुकडे आणखी बारीक, १८८ बाइटचे. प्रत्येकाचा पहिला बाइट ठरलेला, ७१. संगणकाच्या अक्षरांच्या तक्त्यात ७१ म्हणजे इंग्रजी 'जी' अक्षर. ग्वाल्हेरचा 'जी' म्हणायला माझी काही हरकत नाही! टीव्ही मध्येच लावला तरी चित्र लगेच सापडावं म्हणून ही रचना. म्हणूनच या जातीच्या फायली, ज्यांच्या नावाच्या शेवटी टीएस असतं, त्या नुसत्या एकामागे एक चिकटवल्या तरी बहुतेक वेळा चालतात. एमपी-४ ला जे जमत नाही ते यांना जमतं.

तर करून बघा. तुकडे जोडा. मग तिन्ही फायलींचे आकार कागदावर लिहा. दोन तुकड्यांची बेरीज आणि जोडलेली फाइल यांच्यात अगदी थोडा फरक आला, तर समजा की चित्रांना धक्का लागलेला नाही, फक्त याद्या बदलल्या आहेत. आकार बराच कमी-जास्त झाला असेल, तर कुठेतरी री-एन्कोड झालंय. जोडलेली फाइल चार जीबीच्या वर असेल, तर ती जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर जाणार नाही, तिथेही तीच ३२ घरं आहेत. आणि एवढं नक्की करा: व्हिडिओ सांध्यापाशी नेऊन बघा आणि ऐका, मग अगदी शेवटापर्यंत न्या. बदकं दिसली, तरच कार्डावरचे मूळ तुकडे पुसा. त्याआधी नाही.